सोने काढणाऱ्यांचे गाव : कोलारच्या खाणी आणि तेथील बौद्ध कामगार

(नाशिक रोड येथील एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. जे वाचक सभेस उपस्थित नव्हते त्यांच्यासाठी तो लिहून काढला आहे.)



नाशिकला बसून कर्नाटकातल्या एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सभेपूर्वी एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला केला. मी त्यांस म्हटले, “आपल्या नाशिक रोडला नोटा छापतात आणि तेथे सोने निघत असे, एवढा संबंध पुरे नाही काय?” हे उत्तर अर्थात थट्टेचे होते. खरे उत्तर देण्यासाठी मला आपणांस १९३० सालात न्यावे लागेल.

त्या वर्षी २ मार्च रोजी ह्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो इतिहास मी आपणांस सांगावा असे नाही. आपणांपैकी कित्येकांच्या घरी त्या लाठ्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. परंतु त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९३० मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणींतील हजारो कामगारांनी काम बंद केले, ही गोष्ट आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यांनी पगारवाढीसाठी संप केला नव्हता. कंपन्यांनी प्रत्येक कामगाराच्या बोटांचे ठसे घेऊन ते दप्तरी ठेवण्याचा नियम काढला होता. कामगारांचे म्हणणे असे की, ठसे चोराचे घेतात. आम्ही चोर नाही. ह्या एका मुद्द्यावर ते एकवीस दिवस घरी बसले. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे जखमी झाली, तरी ते हटले नाहीत. ह्या कामगारांपैकी बहुसंख्य आदि द्रविड, म्हणजे ज्यांस त्या काळी पारिया म्हणून हिणविले जाई त्या समाजाचे होते; आणि त्यांच्यात स्वतःस बौद्ध म्हणविणारे लोक नागपूरच्या दीक्षेपूर्वी जवळजवळ पन्नास वर्षांपासून होते. माझ्या विषयाचे प्रयोजन ते हे.

खाणींची गावे महाराष्ट्रात नाहीत असे नाही. चांदा जिल्ह्यात वरोऱ्यास दगडी कोळशाची सरकारी खाण होती, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ साली ती खाण बंद झाली. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीजच्या खाणींत आपल्याच समाजाच्या स्त्रीपुरुषांनी टोपल्या वाहिल्या आहेत. त्यांच्यावर कोणी तरी स्वतंत्र बोलले पाहिजे. परंतु खाणीतल्या मजुरीवर जगून ज्यांनी धर्म, शाळा आणि छापखाना ह्यांचा विचार केला असे गाव पाहावयाचे तर कोलारकडेच वळावे लागते.

बंगलोरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कोलार जिल्ह्यात, हे गाव आहे. कोलार गोल्ड फील्ड्स हे त्याचे इंग्रजी नाव, आणि तेथील माणूसही ‘के. जी. एफ.’ असेच म्हणतो. वस्तुतः ते एक गाव नसून खाणींच्या रांगेवर वसलेल्या अनेक वस्त्यांची माळ आहे : मारिकुप्पम, चॅम्पियन रीफ, उरगाम, कोरोमंडल, नंदीदुर्ग, आणि बाजारपेठेची म्हणून वसविलेली रॉबर्टसनपेट व अँडरसनपेट. ह्या मातीत सोने आहे हे इंग्रजांनी शोधून काढले असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरे नाही. १८०२ साली जॉन वॉरन नावाचा लष्करी अधिकारी येथे आला तेव्हा भोवतालच्या गावचे लोक जुन्या विवरांत उतरून, दगड फोडून, धुऊन सोने काढीतच होते. त्यांचे ऐकूनच त्याने अहवाल लिहिला. पुढे १८७३ च्या सुमारास लाव्हेल नावाच्या आयरिश शिपायाने म्हैसूर संस्थानाकडे खाणीचा परवाना मागितला. त्याच्याजवळ पैसा नव्हता. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर आणि मंडळींनी तेथे भांडवल ओतले. प्रथम काही वर्षे हाती काही लागेना आणि धंदा बुडण्याची वेळ आली. मग चॅम्पियन नावाची मोठी शीर सापडली आणि लंडनच्या भागधारकांस दरसाल नफ्याचा वाटा मिळू लागला.

दगड फोडण्यास माणसे हवी होती. ती उत्तर अर्काट आणि चित्तूर भागातून आली. गावोगाव दुष्काळ, कर्ज, वेठ आणि जमीनदाराची चाकरी ह्यांनी गांजलेला अस्पृश्य शेतमजूर ठेकेदाराच्या मागोमाग सहकुटुंब खाणीकडे निघाला. खाणीत उतरण्यास सवर्ण येत नसे. जमिनीखाली हजारो फूट, काळोखात, सुरुंगाच्या धुरात ज्या नोकऱ्या होत्या त्या आपल्या लोकांस मिळाल्या त्या ह्यामुळे. त्यात कोणाचे औदार्य नव्हते. लष्करात, गिरणीत आणि रेल्वेतही आपला प्रवेश बहुधा असाच झाला आहे. तरी एक गोष्ट नाकारून चालणार नाही. गावात जो मनुष्य सावलीचाही विटाळ होतो म्हणून दूर उभा राहत असे, त्यास येथे महिन्याच्या महिन्यास रोख पगार मिळू लागला, आणि त्या पगाराच्या चिठ्ठीवर पाटलाचा वा जमीनदाराचा शेरा नसे. पुढे जे काही घडले त्याचे बीज ह्या रोख पैशात आहे असे माझे मत आहे.

ह्या शतकाच्या, माफ करा, गेल्या शतकाच्या आरंभी तेथील मजुरांची संख्या तीस हजारांच्या आसपास होती. १९०२ च्या जून महिन्यात कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर तयार झालेली वीज तारांवरून सुमारे १४७ किलोमीटर अंतर कापून कोलारच्या खाणींत पोहोचली. बंगलोर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते ह्यानंतर तीन वर्षांनी. राजधानी अंधारात आणि खाण उजेडात, असा हा प्रकार! परंतु हा उजेड कोणासाठी होता? यंत्रांसाठी आणि साहेबांच्या बंगल्यांसाठी. हवा थंड आणि टेकड्यांवर बागा, म्हणून गोरे लोक ह्या गावास ‘छोटे इंग्लंड’ म्हणत; त्यांचा क्लब होता, गोल्फचे मैदान होते. त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी तट्ट्यांच्या झोपड्यांच्या चाळी होत्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब, कधी दोनही.

आता खाणीच्या आतले काम कसे होते ते सांगतो, कारण ते समजल्यावाचून त्या लोकांचा बाणा समजत नाही. चॅम्पियन रीफची खाण जगातल्या अत्यंत खोल खाणींपैकी एक होती. तिची खोली ३,२०० मीटरपर्यंत गेली. एवढ्या खाली खडकच तापलेला असतो, साठ अंश सेल्सिअसच्या वर. हवा थंड करून खाली सोडल्याखेरीज तेथे माणूस टिकत नाही. वरच्या डोंगराएवढ्या भाराने खालचा खडक कधी कधी तोफेसारखा फुटे. त्यास तेथे ‘रॉक बर्स्ट’ म्हणत, आणि हा शब्द तेथील म्हाताऱ्या बायांसही ठाऊक आहे, कारण त्या आवाजासरशी वर घरांच्या भिंती हालत आणि सगळ्या वस्त्या खाणीच्या तोंडाकडे धावत. हे तरी दिसणारे मरण. न दिसणारे मरण गारेच्या दगडाच्या धुळीत होते. ती धूळ छातीत बसून फुप्फुसे दगडासारखी होतात. त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. १९४० ते १९४६ ह्या काळात तेथील साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांस हा रोग जडलेला आढळला. कित्येक वर्षे डॉक्टर त्यास क्षय म्हणत, आणि क्षयाची भरपाई कंपनीस द्यावी लागत नसे.

ह्याच काळात, १९४२ ते १९४६, परमपूज्य बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळशाच्या खाणींत स्वतः खाली उतरून कामगारांस भेटले, आणि पुढच्याच महिन्यात कोळसा कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. कोलार पडले संस्थानी मुलखात. तेथे म्हैसूरचा कायदा चाले, आणि त्या कायद्याचे मुख्य लक्ष सोन्याच्या चोरीकडे होते. कामगाराजवळ सोन्याचा अंश असलेला दगड सापडला तर तो चोरीचा नाही हे त्यानेच सिद्ध करावयाचे! जगभर आरोप करणारा पुरावा देतो; कोलारात आरोपी पुरावा देई. चौकीवर परप्रांतीय पहारेकरी, बाहेर पडताना अंगझडती, आणि ह्या सर्वांवर कळस म्हणून बोटांचे ठसे. १९३० चा संप ह्या दृष्टीने पाहावा.

आता धर्माच्या गोष्टीकडे येतो. मद्रासेस पंडित अयोत्तिदास (१८४५-१९१४) नावाचे सिद्धवैद्य होते. तमिळ साहित्याचे ते गाढे अभ्यासक. जुने ग्रंथ तपासून त्यांनी असा सिद्धांत मांडला की, आज ज्यांस अस्पृश्य म्हणतात ते मूळचे बौद्ध. बुद्धधम्म सोडला नाही म्हणून त्यांस खाली ढकलण्यात आले. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ ह्या ग्रंथात स्वतंत्र मार्गाने जो निष्कर्ष काढला त्याच्याशी ह्या विचाराचे साम्य पाहून मन थक्क होते. १८९८ साली अयोत्तिदास सिंहलद्वीपास गेले, तेथे त्यांनी दीक्षा घेतली आणि परत येऊन मद्रासेस शाक्य बौद्ध संघ स्थापिला. शिरगणतीत आपली नोंद हिंदू म्हणून करू नका, असे ते आपल्या लोकांस सांगत. १९०७ पासून त्यांनी एक पैसा किमतीचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव पुढे ‘तमिळन’ एवढेच राहिले.

हे पत्र मद्रासेत छापले जाई, पण त्याचे वर्गणीदार आणि देणगीदार पुष्कळसे कोलारच्या खाणींतले होते. मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ येथे संघाच्या शाखा निघाल्या. रविवारी खाणीस सुट्टी असे. त्या दिवशी व्याख्याने होत, ग्रंथवाचन होई. लग्ने आणि अंत्यविधी ब्राह्मणावाचून, बौद्ध पद्धतीने होऊ लागले. मुलांसाठी शाळा, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग. १९१४ साली अयोत्तिदास निवर्तले आणि पत्र काही काळाने थांबले. ते १९२६ साली पुन्हा सुरू झाले ते कोठे? मद्रासेत नव्हे, तर कोलारच्या खाणींत. तेथल्या सिद्धार्थ पुस्तकालयाने बौद्ध ग्रंथही प्रसिद्ध केले. दिवसभर तीन हजार फूट खाली दगड फोडणारी माणसे आपल्या पगारातून आण्या-दोन आण्यांची वर्गणी काढून वर्तमानपत्र आणि ग्रंथ चालवितात, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ चालविताना बाबासाहेबांस पैशाची केवढी ओढाताण सोसावी लागली हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको.

ह्या चळवळीत प्रा. लक्ष्मी नरसू हेही होते. ते विज्ञानाचे प्राध्यापक, जातीने आपले नव्हेत. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत बुद्धधम्माचे सार सांगणारा ग्रंथ लिहिला. १९४८ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी तीस प्रस्तावना लिहिली. म्हणजे दक्षिणेतल्या ह्या प्रवाहाशी त्यांचा परिचय होता. आणि जुलै १९५४ मध्ये ते स्वतः कोलारच्या खाणींत गेले. येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची प्रतिज्ञा केली होती, आणि ती पुरी होण्यास अजून दोन वर्षे अवकाश होता. त्या मधल्या काळात ते ज्या गावी गेले तेथे बौद्ध अस्पृश्यांची दुसरी-तिसरी पिढी नांदत होती. धर्मांतराने पोट भरते काय, असा प्रश्न त्या काळी आपल्यास सर्रास विचारला जाई. त्याचे उत्तर कोलारच्या कामगाराने आधीच दिलेले होते : पोट तो फावड्याने भरीत होता, आणि बोटांचे ठसे देण्यास नकार देण्याचे बळ त्यास दुसरीकडून मिळत होते.

ह्यावरून तेथे सारे गाव बौद्ध झाले असा कोणी अर्थ काढू नये. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे मोठे काम तेथे होते, मारिअम्मनच्या जत्रा भरत, पुढे लाल बावट्याची युनियनही जबरदस्त झाली. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, आणि बौद्धांस त्या केंद्राकडून मिळाल्या १९९० साली. त्या चाळीस वर्षांत कितीक कुटुंबांनी घरात बुद्धाची तसबीर लावली आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू लिहिले! हे महाराष्ट्रातही झाले आहे. कोणास दोष देण्यात अर्थ नाही. राजकारणात मात्र तेथे आपला निळा झेंडा टिकला. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार त्या मतदारसंघातून विधानसभेवर एकाहून अधिक वेळा निवडून गेले आहेत, आणि महाराष्ट्रातल्या आपल्या पुढाऱ्यांस ह्याची किती दखल आहे ह्याची मला शंका आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्याच खाणीत विश्वकिरणांचे प्रयोग मांडले, आणि १९६५ साली जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांच्या खुणा टिपल्या. जगातल्या अगदी पहिल्या अशा नोंदींपैकी ती एक आहे. ती विवरे कोणी खोदली होती हे आता सांगण्याची गरज नाही.

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारने घेतल्या, १९६२ साली केंद्र सरकारने, आणि १९७२ पासून त्या भारत गोल्ड माइन्स ह्या सरकारी कंपनीकडे होत्या. आपले राज्य आले म्हणून कामगार आनंदला. परंतु खडकातले सोने कमी होत चालले होते. आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर मिळे, अखेर अखेर ते चार ग्रॅमच्याही खाली आले. ह्यात आणखी एक हिशेबाची गंमत आहे. देशातल्या बाजारात सोन्यास पुष्कळ अधिक भाव असताना येथले सोने कित्येक वर्षे आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाने सरकारजमा होत असे. माल स्वस्तात घ्यावयाचा आणि वर्षअखेर खाण तोट्यात आहे असे लिहावयाचे! शेवटी २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. त्या वेळी साडेतीन हजारांच्या आसपास कामगार शिल्लक होते. सुमारे एकशेवीस वर्षांत त्या जमिनीतून आठशे टनांच्या आसपास सोने निघाले.

मी तेथे गेलो तेव्हा प्रथम दृष्टीस पडल्या त्या टेकड्या. त्या निसर्गाच्या नव्हेत. दगडाचे पीठ करून, सायनाइडच्या पाण्याने त्यातले सोने काढून घेतल्यावर उरलेला चोथा शंभर वर्षे टाकीत गेले. त्याचे हे डोंगर, तीन कोटी टनांहून अधिक. वारा सुटला की ती भुकटी घरांत, अन्नात आणि डोळ्यांत जाते. आपल्या तरुणांस के. जी. एफ. हे नाव ठाऊक आहे ते २०१८ च्या एका गाजलेल्या कन्नड चित्रपटावरून, आणि त्याचे चित्रीकरण ह्याच टेकड्यांवर झाले. त्यात एक बंदूकधारी वीर गुलामांस सोडविण्यास येतो. खऱ्या कोलारात असा कोणी आला नाही. एकवीस दिवस संप करणारे लोक स्वतःच उभे राहिले होते.

चाळी अजून आहेत. खाणीत आयुष्य घालविलेल्या माणसाचे, त्याच्या विधवेचे, मुलाचे घर कोणाच्या नावावर, हा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांत आणि कचेऱ्यांत फिरत राहिला. पाण्याचे हाल, जुन्या पद्धतीचे संडास. २०११ साली अशी गोष्ट उघडकीस आली की, ह्याच गावात माणसे हाताने मैला काढीत आहेत. कायद्याने ती गोष्ट १९९३ साली बंद केली होती. ज्याच्या आजोबांनी बोटांचे ठसे देण्यास नकार दिला त्या नातवाच्या हाती मैल्याची बादली, हे वाचून मला त्या रात्री झोप आली नाही. वारसाहक्काने घर मिळाले नाही. जात मात्र मिळाली.

आणि तरीही ते गाव मेलेले नाही. दीड लाखाहून अधिक वस्ती आहे. पहाटे मारिकुप्पमहून बंगलोरकडे आगगाडी सुटते आणि हजारो तरुण-तरुणी तिने कामास जातात, रात्री परत येतात. त्यांत शिक्षक, परिचारिका, संगणकावर काम करणारे, सफाई करणारे असे सर्व प्रकारचे लोक असतात. शिक्षणाची ओढ त्या गावात जबर आहे, आणि ती रात्रीच्या वर्गांपासून चालत आलेली आहे असे तेथील जुनी माणसे अभिमानाने सांगतात.

माझी आपणांस विनंती एवढीच. अयोत्तिदासांचे लेखन तमिळमध्ये संकलित होऊन प्रसिद्ध झाले आहे. मराठी बौद्ध वाचकाच्या घरी मात्र ते फारसे दिसत नाही. आपल्या मुलांपैकी नोकरीनिमित्त बंगलोर-मद्रासेस गेलेले, तमिळ बोलू लागलेले पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोघा-तिघांनी हे काम अंगावर घ्यावे. आणि ज्यांस जमेल त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे. बंगारपेट जंक्शनहून फाटा फुटतो. वाटेत कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन ही खाणींची स्टेशने लागतात, आणि मारिकुप्पम हे शेवटचे. तेथे रूळ संपतात.